तांबडीच्या भरवशावर

चेस्ली हाइन्सला कुणी विचारलं, की बाबा रे, जन्मभर केलंस काय, तर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "बर्फ फोडला." तटरक्षक दलाच्या जहाजावर तो मिसरूड फुटायच्या आत खलाशी म्हणून चढला आणि केस पिकल्यावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरला. आम्ही न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावरची बेटकरी माणसं. हिवाळा सरत आला की लॅब्राडोरकडचा बर्फ खाली उतरतो आणि आमच्या खाडीत गच्च बसतो. मग पलीकडे नेणारी फेरीबोट बंद, दूध बंद, टपाल बंद. त्यातून वाट काढून देणारं जहाज लाल रंगाचं, म्हणून बेटावर तिचं नाव तांबडी. कागदोपत्री तिला कुणा बड्या साहेबाचं नाव आहे, ते इथे कुणाच्या तोंडी नाही.

चेस्लीचा जीव तिच्यावर फार. बायको ट्रिफी चारचौघांत म्हणायची, "माझी सवत लोखंडाची आहे बरं का. गुणाची आहे पण, जेवायला मागत नाही."

त्या मार्चमध्ये ट्रिफीच्या छातीत दुखायला लागलं आणि हेलिकॉप्टरने तिला पलीकडे, मुख्य भूमीवरच्या इस्पितळात नेलं. हेलिकॉप्टर आजाऱ्याला उचलतं, नवऱ्याला नाही. दुसऱ्या दिवशी फेरी सुटत होती. धक्क्याजवळच्या दुकानाची मालकीण डल्सी मोठी फटकळ. ती ओरडली, "चेस्लीकाका, चढा मुकाट्याने! बर्फ आत शिरतोय, दिसत नाही का?"

"मला बर्फ शिकवतेस होय गं? घरातलं पाणी काढून टाकतो, नाहीतर गोठून नळ फुटतील. ती बरी होऊन आली की काय फुटके नळ दाखवू तिला?"

"आणि खाडी मिटली म्हणजे?"

"तांबडी येईल की! कधी ताटकळत ठेवलंय तिने आपल्याला?"

दुसऱ्या कुणी अशी चूक केली नसती. बर्फाची भीती बाळगणाऱ्या माणसाने धावत जाऊन फेरी गाठली असती. चेस्ली जन्मभर बर्फ फोडत आलेला, म्हणून निवांत नळ मोकळे करत बसला. फेरी संध्याकाळी परत येऊन धक्क्याला लागली, रात्रीतून वारा फिरला आणि सकाळी खाडीत पाण्याचा थेंब दिसेना.

तांबडी आली नाही. कुठून येणार? तिच्या जोडीचं एक जहाज भंगारात गेलं होतं, दुसरं इंजिन उघडून गोदीत पडलं होतं. अख्ख्या किनाऱ्याची तेलवाहू जहाजं, फेऱ्या, मासेमारीच्या बोटी, सगळं एकट्या म्हातारीच्या गळ्यात. नवी जहाजं येणार, नवी जहाजं येणार, हे ऐकत आमची पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली. कुणीतरी मंत्री येतो, डोक्यावर हेल्मेट चढवतो, लोखंडाच्या पत्र्यापुढे फोटो काढून घेतो आणि जातो. बर्फाला फोटो दाखवून तो फुटत असता तर आणखी काय हवं होतं! वरातीमागून घोडं म्हणावं, तर इथे घोडं अजून कागदावरच.

चेस्ली रोज इस्पितळात फोन करायचा. ट्रिफीचा आवाज दिवसागणिक बारीक होत होता. "चेस, निघालास का रे?" ती विचारायची. "निघालोच," तो म्हणायचा आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायचा. मग एके सकाळी नर्सनेच फोन केला. म्हणाली, "यायचं असेल तर आता या."

त्याच दुपारी क्षितिजावर तांबडी दिसली. सगळं गाव धक्क्यावर धावलं. फेरीचं इंजिन सुरू झालं. चेस्ली पिशवी घेऊन फेरीवर चढला आणि थेट कप्तानाच्या खोलीत वायरलेसपाशी उभा राहिला. तांबडीवरचा अधिकारी लोयोला त्याच्याच हाताखाली दोराला गाठ मारायला शिकलेला. त्याचा आवाज आला, "बोसनकाका, तयार राहा! तासाभरात पोचवतो तुम्हाला काकूपाशी."

बर्फ फुटल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आणि मग थांबला. तांबडीने तोंड फिरवलं.

"काका," लोयोला अडखळला, "सीलच्या शिकारीला गेलेली बोट बर्फात चेपतेय. पाच माणसं आहेत. दुसरं जहाज नाही."

डल्सी दारातून किंचाळली, "आणि आमचं माणूस माणूस नाही का? सांगा त्याला, काका! तुमचं ऐकेल तो!"

ऐकायचं की नाही हे लोयोलाच्या हातात नव्हतं, ते चेस्लीइतकं कुणाला ठाऊक होतं? बुडत्याला आधी, फेरीला नंतर. वाट बघणाऱ्या माणसांनी भरलेले असे कितीतरी धक्के त्याने स्वतः मागे टाकले होते. पण त्या घटकेला त्याला त्या पाच जणांचा संताप आला. कोण कुठले, कशाला मरायला गेले, असं मनात आलं आणि लगेच स्वतःचीच किळस आली. त्याने वायरलेसचं बटण दाबलं. परत सोडलं.

"काका, बोला ना. मी काय करू?"

"मला काय विचारतोस? जा. पाच माणसं आहेत ती."

इंजिन बंद झालं, तरी चेस्ली फेरीवरून उतरला नाही. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला. डल्सी चहा घेऊन आली.

"समोर दिसतोय गं किनारा," तो म्हणाला. "तरणा असतो तर बर्फाच्या एका लादीवरून दुसऱ्या लादीवर उड्या मारत गेलो असतो."

"गप बसा. चहा घ्या."

पाचही जण वाचले. रेडिओने तांबडीचं कौतुक केलं आणि जाता जाता नव्या जहाजांची बातमीही पुन्हा दिली. ट्रिफी त्याच दिवशी संध्याकाळी गेली.

तांबडी परत आली तेव्हा लख्ख ऊन होतं. लोयोलाने पुढे मागे करत चांगली रुंद वाट फोडली. ट्रिफीला आणायला फेरी रिकामीच पलीकडे निघाली. चेस्ली धक्क्यावरच उभा होता. डल्सीने दुकानातला वायरलेस त्याच्या हातात आणून दिला.

"काका," लोयोला म्हणाला, "वाट मोकळी आहे."

"दिसतेय रे," चेस्ली म्हणाला. "परत मिटू देऊ नकोस. तिला घरी यायचंय."