सूरजपोलचा सरळ रस्ता

नोकरीत कितीतरी तपास केले. पण रजेवर असताना जयपुरात जे घडले, ते अजून मनातून गेलेले नाही.

ऐंशीच्या दशकातला डिसेंबर होता. मी फौजदार होतो. पत्नीला घेऊन एका यात्रा मंडळाच्या बसने राजस्थान पाहायला निघालो होतो. आमच्या शेजारच्या सीटवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. वय पासष्टच्या आसपास, हातात सोन्याच्या पाटल्या, एकट्याच आलेल्या. सगळे त्यांना बाई म्हणत.

सकाळी जंतरमंतर पाहिले. दुपारी जेवायला बसताना माणसे मोजली, तर बाई नव्हत्या. पाच वाजता बस आग्र्याला निघणार होती. तासभर शोधून मी जवळचे पोलीस ठाणे गाठले.

ठाणेदार पिकल्या मिशांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी बाईंचे वर्णन डायरीत नोंदवले आणि जंतरमंतरपाशी शिपाई पाठवला. तिथल्या पानवाल्याने खबर दिली, की अशा एक बाई हिरव्या टपाच्या सायकल रिक्षात बसून गेल्या. रिक्षावाला रामगंजचा होता. अर्ध्या तासात त्याला ठाण्यात आणले. त्याने कानावर हात ठेवले. आपण कोणत्याही बाईंना पाहिले नाही म्हणाला. पण सीटखाली बाईंची कापडी पिशवी सापडली. आत त्यांचे स्वेटर आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

माझ्या डोळ्यांपुढे त्या पाटल्या आल्या. मी त्याची गचांडी धरून हात उगारला.

ठाणेदारांनी माझा हात धरला. "साब, यहाँ आप मेहमान हैं. बैठिए," एवढेच म्हणाले.

त्यांनी रिक्षावाल्याला पाणी दिले, बसवले. बाई कुठे आहेत, हे विचारलेच नाही. वाटेत त्या काय बोलत होत्या, ते विचारले. माणूस थोडा सैलावला. बाई सगळी वाट चौक मोजत होत्या म्हणाला. छोटी चौपड, बडी चौपड, रामगंज चौपड. प्रत्येक ठिकाणी रिक्षा थांबवून चारी बाजूंना पाहत. सूरजपोल दरवाज्यापाशी आल्यावर म्हणाल्या, आता हे सगळे मला वरून पाहायचे आहे. गलत्याच्या टेकडीवर सूर्यमंदिर आहे. त्याने पायथ्याशी सोडले. चढताना ओझे नको म्हणून त्यांनी पिशवी त्याच्याकडे दिली. चार वाजता तो त्यांना घ्यायला जाणार होता. पिशवीमुळे आपल्यावर आळ येईल, या भीतीने खोटे बोलला.

जीप काढली. पायथ्याशी उतरून टेकडी चढताना मला धाप लागली. वर मंदिराच्या कठड्याशी बाई उभ्या होत्या, पाटल्यांसकट. मी रागावून बोलणार होतो, पण त्यांनी बोट दाखवले आणि मी खाली पाहिले.

उन्हे कलली होती. सारे गुलाबी शहर पायाशी होते. सूरजपोलपासून पार पलीकडच्या चांदपोल दरवाज्यापर्यंत एकच रस्ता गेला होता, कुठेही न वळता. त्याला काटकोनात छेदणारे रस्ते, मधले चौक, एकसारखी दुकाने. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी एवढे नेमके राजधानीचे शहर आखले होते.

"तीस वर्षं फळ्यावर हा नकाशा काढला, साहेब," बाई म्हणाल्या. "मुलं विचारायची, बाई, तुम्ही पाहिलंय का? बसवाल्यांनी या शहराला एक सकाळ दिली. मला ती पुरणार नव्हती. चूक झाली, पण पुन्हा कोण आणणार होतं मला?"

आम्ही तिघे, म्हणजे ठाणेदारसुद्धा, बराच वेळ बघत उभे राहिलो. बस तासभर उशिरा निघाली.

निघण्यापूर्वी मी रिक्षावाल्याची माफी मागितली. तो संकोचून नुसता मान हलवत राहिला. पुढे नोकरीभर हरवलेल्या माणसाची तक्रार आली, की त्याचे कुणी काय केले असेल, हा प्रश्न मी नंतरसाठी ठेवत असे. आधी त्याच्या माणसांना विचारत असे, की त्याला काय पाहायचे होते, कुठे जायचे राहिले होते. पुष्कळदा घरच्यांना हे ठाऊकच नसे.