भागीरथाच्या पट्ट्या

हिंगणीजवळच्या एका हवामान केंद्रावर भागीरथा सव्वीस वर्षं कामाला होती. तिथल्या काचेच्या गोळ्यातून ऊन कागदी पट्टीवर पडे आणि जितका वेळ ऊन, तितकी लांब जळकी रेघ उमटे. रोज संध्याकाळी जुनी पट्टी काढून नवी लावायची, हे तिचं काम.

धाकटी बहीण शोभा सिंदी मेघेच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिला सांभाळायला म्हणूनच बापानं भागीरथाला नववीतून घरी बसवलं होतं. पुढं शोभाची कडक इस्त्रीची साडी दिसली तरी भागीरथाचा जीव जळे.

एकदा शोभा म्हणाली, "ताई, पट्ट्या घेऊन शाळेत येजो. पोरायले दाखवू."

भागीरथा मागच्या बाकावर बसली. शोभा हिमयुग शिकवत होती. "हजारो वर्षांत पृथ्वीचा कल आणि सूर्याभोवतीची वाट थोडी थोडी बदलते. कधी उत्तरेकडच्या उन्हाळ्यातच ऊन कमी पडतं. मग हिवाळ्यातला बर्फ वितळत नाही, उरतो. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, गारठा वाढतो आणि थरावर थर चढतात."

पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. ऊन मी सांभाळलं आणि त्याची गोष्ट सांगणार ही! भागीरथा मनातल्या मनात धुमसली.

मग शोभानं पट्ट्या वर्गात फिरवल्या आणि जळकी रेघ कशी उमटते ते सांगितलं. काजल नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आपल्याकडं सगळ्यात लांब रेघ जून-जुलैत येत असेल ना? दिवस मोठा असतो."

"हो, बरोबर," शोभा म्हणाली.

"चुकलं तुयं!" भागीरथा उभीच राहिली. "जुलैत आभाळ राह्यते, पट्टी कोरीच निघते. लांब रेघ मे महिन्यात."

वर्ग हसला. भागीरथाला गार वाटलं, पण क्षणभरच. शोभा सहज म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं. लिहून घ्या रे." तिचं ते सहजपणही भागीरथाला सोसवेना.

फाटकापर्यंत सोडायला आलेली शोभा म्हणाली, "ताई, तू दहावी काऊन देत नाई?"

"आता सुचून राह्यलं तुले?" भागीरथा फणकारली आणि तडक निघाली.

पण आठवड्यानं तिनं गुपचूप बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. त्रेपन्नाव्या वर्षी पास झाली. सामाजिक शास्त्रात त्रेसष्ट. शोभा पेढे घेऊन धावत आली, गळ्यात पडली.

"तुले किती होते यात?" भागीरथानं विचारलं.

"एकाहत्तर."

भागीरथानं हातातला पेढा ताटलीत परत ठेवला.