आईची मूठ काट्यावर

माझा भात कधी धड होत नाही. लग्न होऊन पुण्याला आल्यापासून एक तर ढीगभर उरतो, नाहीतर कुणीतरी अर्धपोटी उठतं. माहेरी हिर्डोशीला आईचा अंदाज मात्र कधी चुकला नाही. माणशी दोन मुठी तांदूळ, वर एक मूठ येणाऱ्या-जाणाऱ्याची. घाटातली एसटी चुकलेला माणूस जेवायला आमच्याच दारात यायचा. तिच्यासारख्याच मुठी मी घातल्या तरी कमी पडायच्या, कारण माझी मूठ लहान. म्हणून मागच्या दिवाळीला मी वजनकाटा घेऊनच माहेरी गेले.

आई हसून बेजार झाली. "माझी मूठ काय बाजारात इकणार हाईस का?" तरी तिनं काट्यावर मुठी टाकून दाखवल्या. दरवेळी पंचावन्न ग्रॅमच्या आसपास. सुटले एकदाची, असं मला वाटलं.

उन्हाळ्यात भावाचा फोन आला. घरात भात पुरत नव्हता. वडील चिडचिड करत होते आणि आई त्या दोघांना वाढून "मला भूकच न्हाई" म्हणत पातेलं घासायला टाकत होती. म्हातारपणी हिला काटकसरीचं खूळ लागलंय, असं भावाचं मत. मलाही ते पटलं. रागारागात गेले आणि तिच्यापुढं काटा ठेवला. मूठ चाळीस ग्रॅमसुद्धा भरली नाही.

"तुझा काटाच बिघडलाय," आई म्हणाली.

मी मिठाचा किलोचा पुडा ठेवून पाहिला. काटा बरोबर होता. मग मी तिचा हात हातात घेतला. अंगठ्याखालचं मांस पार गेलं होतं. बांगड्या गळून पडू नयेत म्हणून तिनं मनगटाला दोरा गुंडाळला होता. सगळं घर भाताकडं बघत बसलं होतं, तिच्याकडं कुणीच बघितलं नव्हतं. इतका संताप आला, पण काढायचा कुणावर?

भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्यात सांगितलं, पोटात गाठ आहे, पसरलीय, आता घरी न्या. मी तिच्याबरोबरच हिर्डोशीला राहिले.

अंथरुणावरूनही तांदूळ तीच घालायची. मी डबा आणि पातेलं तिच्यापुढं धरायची. नंतर आत जाऊन काट्यावर ठेवायची आणि दिवाळीच्या हिशेबानं वरून भर घालायची. "आज पुरला बरं का," वडील म्हणायचे. तिचा चेहरा खुलायचा. मला आपली मोठी हुशारी वाटायची.

एक दिवस पातेलं घेऊन उठत होते, तर म्हणाली, "वरनं घालतीस न्हवं?"

मी पातेलं पदराआड धरलं.

"घाल. पर काट्यावरच घाल, तुझी मूठ लई बारकी. आन् माझ्या दोन आता काढून टाक. येणाऱ्याची तेवढी ऱ्हाऊ दे."

"गप पड," मी ओरडले. तिच्या दोन मुठी मी काढल्या नाहीत. शेवटपर्यंत रोज तिच्या वाटणीचा भात शिजला आणि रोज कोंबड्यांना गेला.

तिचे दिवस झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर मी तिच्यामागं पहिल्यांदा पातेलं काट्यावर ठेवलं. वडील, भाऊ आणि मी, तिघांच्या सहा मुठी. येणाऱ्याची एक. तीनशे पंच्याऐंशीवर आकडा थांबला. डब्यात घातलेला हात मी कितीतरी वेळ बाहेर काढला नाही.

जेवणं झाली. त्या दिवशी दारात कुणी आलं नाही. वडिलांनी झाकण उचलून पाहिलं. तळाला भात उरला होता, तिच्या हातून उरायचा तेवढाच.

"आज बरोबर झाला," ते म्हणाले, आणि हात न धुताच बाहेर ओट्यावर जाऊन बसले.