अप्पांच्या नावानं उरलेला एक जॉब

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात अप्पांना एकाही माणसाचं नाव धड आठवायचं नाही, आणि लॉगिन मात्र ते एकाचंही विसरायचे नाहीत. "डिस्पॅच-तीन आज दिसंनात," असं चहा पिता पिता म्हणायचे. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवरही त्यांनी 'स्टोअर-दोन, सहकुटुंब' असं लिहिलं होतं. मी ट्रेनी-चार. पुढे नोकरीत कायम झाले, लग्न झालं, आडनाव बदललं. लॉगिन तेच राहिलं, म्हणून अप्पांच्या लेखी मी ट्रेनीच.

अप्पा अक्कलकोटकडचे. कॉम्प्युटर विभाग म्हणजे ते आणि हाताखाली मी, बस्स. सगळा कारखाना एकाच सॉफ्टवेअरवर चालायचा. त्यात कुणी बटण न दाबता ठरल्या वेळी आपोआप चालणारे शेकडो जॉब, आणि प्रत्येक जॉब कुणा ना कुणाच्या लॉगिनच्या नावानं. सिस्टीम मंदावली की आम्ही मशीनला शिव्या द्यायचो. अप्पा लॉगिननुसार यादी काढायचे आणि त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन मुकाट उभे राहायचे. "जॉबला बाप असतोय," म्हणायचे, "बाप धरायचा, पोरगं गप बसतंय." एकदा बाप म्हणजे खुद्द मालकच निघाले. अप्पा त्यांच्याही टेबलाशी तसेच जाऊन उभे राहिले.

मला नोकरीला लागून तीन महिने झाले असतील. एक क्लार्क नोकरी सोडून गेले, आणि मी शहाणपणा करून त्यांचं लॉगिन बंद करून टाकलं. त्यांच्या नावानं काय काय चालतंय हे बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी पॅकिंगची यादीच निघाली नाही. गेटवर ट्रक उभे, पॅकिंगच्या बायका गठ्ठ्यांवर बसून, आणि मॅनेजर विचारतायत, हा उद्योग कुणाचा? मला कायम करायचं पत्र त्यांच्याच टेबलावर सहीला पडलेलं.

"ट्रेनी-चारला मीच सांगितलतं," अप्पा म्हणाले. साफ खोटं, तेही मान वर न करता. मग त्यांनी त्या क्लार्कच्या नावाचे अडकलेले अकरा जॉब माझ्या लॉगिनवर टाकले. "आता बाप तुमीच. लक्ष ठेवा की."

सहा वर्षांत त्यातला एकही जॉब अडकला नाही. याचा मला केवढा तोरा! अप्पांना मुद्दाम ऐकवायचे. ते "लई हुशार हाय ट्रेनी-चार," म्हणून शेंगाचटणीचा डबा पुढे सरकवायचे.

मागच्या महिन्यात अप्पा निवृत्त झाले. त्यांचं लॉगिन बंद करायचं काम माझ्याकडे आलं. या खेपेला आधी यादी काढली. बाकीचे जॉब त्यांनी वाटून टाकले होते, एक उरला होता. त्याचं काम एवढंच: रोज सकाळी सहाला माझे अकरा जॉब तपासायचे, एखादा अडकला असेल तर अप्पांच्या मोबाईलवर निरोप द्यायचा. जुन्या नोंदी पाहिल्या, तर निरोपांची ही रांग. मी साडेनऊला यायच्या आत अप्पा घरूनच सगळं निस्तरून मोकळे व्हायचे. आणि जॉबच्या नावाच्या जागी माझं नाव होतं. खरं नाव, लग्नानंतरच्या आडनावासकट.

मला रडूच आलं. फोन लावला, म्हटलं, अप्पा, एक जॉब राहिलाय तुमच्या नावानं.

"व्हय," ते म्हणाले, "तेवढा बंद करायचं जिवावर आलं."

मीही तो बंद केला नाही, माझ्या नावावर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझा मोबाईल वाजला. दोन जॉब अडकले होते.