तळघराच्या दाराबद्दलची साक्ष

जर्मनीतल्या हायडेलबर्गचा अमेरिकन लष्करी तळ बंद होत होता, त्या वर्षांत आम्ही जवळच्या वाल्डॉर्फला राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी किंडरगार्टनला, मी घरी. खालच्या मजल्यावर एक अमेरिकन बाई एकटी राहायची. पंचेचाळिशीची, उंच, केस बारीक कापलेले. तरुणपणी ती इथल्याच तळावर, सैन्यात ट्रक दुरुस्त करायची. नंतर इकडेच परत येऊन सायकलच्या दुकानात कामाला लागली होती.

इमारतीची वॉशिंग मशिन्स तळघरात, म्हणजे केलरमध्ये होती. आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात तिने दार वाजवलं. "तू कपडे धुवायला जाशील तेव्हा मला सांगशील? मला खाली एकटीला जायचं नसतं." मला वाटलं, उंदरांना भीत असेल. मग दर मंगळवारी सकाळी आम्ही दोघी बरोबर जायला लागलो.

एका फेब्रुवारीत वरच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा, अगदी सभ्य गृहस्थ, आमच्या मागून केलरमध्ये आले आणि त्यांच्यामागे दार बंद झालं. तिने हातातले कपडे टाकले आणि त्यांना बाजूला ढकलून बाहेर धावली. मी वर आले तर ती रस्त्यावर उभी होती, बर्फात, अनवाणी.

मी तिला घरात आणलं. चहा करून नेऊन दिला. काही दिवसांनी तिनेच सांगितलं. बावीस वर्षांची असताना, गॅरेजखालच्या सुट्या भागांच्या कोठारात तिच्याच वरिष्ठाने दार लावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ती तक्रार करायला गेली. तुकडीचे मोठे साहेब म्हणाले, त्याला मुलंबाळं आहेत, तूही तुझ्या नावाचा विचार कर. तिने तीनदा बदली मागितली. मग ती प्यायला लागली. शेवटी स्वभावात दोष असल्याचा शेरा मारून तिला घरी पाठवलं.

"म्हणजे तू सांगितलं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं होतं. कुणी लिहून घेतलं नाही."

त्या घटनेच्या मानसिक आघातामुळे अपंगत्वाच्या पेन्शनसाठी केलेला तिचा अर्ज फेटाळला गेला होता, कारण तक्रारीची नोंद सापडत नव्हती. ते पत्र तिने फ्रिजवर चिकटवलं होतं. "कपाटात ठेवलं तर मी गप्प बसेन," ती म्हणाली. अर्जांच्या कामात मदत करणाऱ्या एका म्हाताऱ्या माजी सैनिकाने तिला सांगितलं होतं की अशा प्रकरणांत पुन्हा अर्ज करता येतो, पुरावा म्हणून बदलीचे अर्जही चालतात आणि ओळखीच्या माणसांची साक्षही. बराकीतल्या जुन्या मैत्रिणीने साक्षीचं पत्र पाठवलं होतं. "तू लिहिशील? जे पाहिलंस तेवढंच."

त्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मी जेवताना विषय काढला.

"आपण इथे व्हिसावर आहोत," नवरा म्हणाला. "दुसऱ्या देशाच्या सैन्याच्या भानगडीत आपलं नाव कशाला?"

"आणि असलं काही बाईने चारचौघांत बोलू नये," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी तिचंच नाव खराब होतं."

"आई, तिचे साहेब तिला हेच म्हणाले होते."

सासूबाई ताटं गोळा करायला लागल्या. नवरा म्हणाला, "निदान पाठवण्याआधी मला दाखव."

"नाही दाखवणार. तिने माझ्याकडे मागितलंय."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. असं सरळ 'नाही' मी त्याला पहिल्यांदाच म्हटलं असेन.

पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या वेळी 'बिचारी' वगैरे बरंच होतं, ते सगळं काढून टाकलं. मंगळवार, दार, बर्फ, अनवाणी पाय एवढंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं, "त्या दिवशी ती रस्त्यावर उभी होती, ते लिहिलंस का? मी पाहिलं होतं खिडकीतून."

"लिहिलंय."

"मग माझंही लिही. खोटं थोडंच आहे." त्यांनी मराठीत चार ओळी सांगितल्या, मी खाली इंग्रजी भाषांतर केलं, आणि त्यांनी देवनागरीत ठसठशीत सही केली. नवऱ्याने ते पाकीट ऑफिसला जाताना स्वतः पोस्टात टाकलं. आत काय आहे ते विचारलं नाही.

उन्हाळ्यात तिला डॉक्टरी तपासणीला बोलावलं. मी बरोबर गेले आणि दोन तास बाहेरच्या बाकावर बसले. ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, पण मान ताठ होती.

"डॉक्टरने विचारलं, 'तेव्हा तू ओरडली का नाहीस?' मी म्हटलं, हा प्रश्न आधी लिहून घ्या. मग मी उत्तर द्यायला नकार दिला, तेही लिहा."

"लिहिलं त्याने?"

"मी समोर उभी राहिले. लिहावंच लागलं."

पुढच्या वसंतात निकाल आला. अर्ज मंजूर झाला होता. मी तिला मिठी मारायला गेले, तर ती एका ओळीवर बोट ठेवून होती. घटना घडली असण्याची शक्यता निम्मी तरी आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"निम्मी," ती म्हणाली. "मी तिथे होते."

"पण तू जिंकलीस."

"हो. आता तो स्वभावदोषाचा शेरा काढायला लावते."

आणि त्याच आठवड्यात तिने तो अर्ज केला. पहिल्यांदा नकार आला, तिने पुन्हा पाठवला. दरम्यान नवऱ्याला दुसरी नोकरी मिळाली आणि आम्ही दुसऱ्या गावी, नेकारसुल्मला गेलो. एका दुपारी तिचा फोन आला. शेरा खोडून नवा कागद आला होता. तिने त्यावरचा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, घाई न करता, एकेक शब्द. मग म्हणाली, दुकानात गिऱ्हाईक थांबलंय, ठेवते.