दुसरा शिक्षक मागायला लोहा, नांदेड, लातूर

एरवी मी किल्ल्यांवर लिहिते. या वेळी चढले ते शिक्षण खातं. त्यापेक्षा किल्ले परवडले.

आमचे हे लोहा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. दिवाळीत दुसरे गुरुजी बदलून गेले आणि चारही वर्ग ह्यांच्या गळ्यात पडले. वर आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाची जागा रिकामी, तो कार्यभारही ह्यांच्याचकडे. दुसरा शिक्षक मागणारं पत्र देऊन तीन महिने झाले होते. जूनच्या आत कुणी आलं नाही तर पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवू, असं पालकांनी सांगून टाकलं होतं. शाळाच बंद पडेल या धास्तीनं ह्यांची झोप उडाली. तालुक्याला विचारलं तर म्हणाले, वर विचारा. मग मुख्याध्यापकाच्या अधिकारातली एक सुट्टी खर्ची घालून आम्ही वर निघालो.

सकाळच्या एसटीनं नांदेड. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा नवऱ्यापेक्षा आपण स्वस्तात पडतो. तिथल्या जिल्हा परिषदेतल्या बाबूंनी मान वर न करता सांगितलं की शिक्षणाधिकारी साहेब बैठकीला लातूरला गेलेत.

लातूरचा रस्ता लोह्यावरूनच जातो. तासाभरात आम्ही परत आपल्याच स्टँडवर. उतरायचं का, मी विचारलं. ह्यांनी फाईल छातीशी धरून नकारार्थी मान हलवली. मला तेव्हा ह्यांचा फार अभिमान वाटला. (दुपारी जाणार असाल तर डावीकडे बसा, ऊन उजवीकडून येतं.)

लातुरात आधी निलंगा राईस खाल्ला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, ते साहेबांपुढं कामी येईल म्हणून पुसलं नाही. बैठक लांबली होती, तीनला साहेब जेवायला बाहेर आले तेव्हा गाठले. माणूस भला. त्यांनी उभ्याउभ्याच तालुक्याला फोन लावला.

"तुमचं पत्र तालुक्याला आलंच न्हाई, गुरुजी. केंद्रप्रमुखाकडंच पडून हाय. कोण हाय तो?"

ह्यांनी फाईल खाली ठेवली. "मीच हाय, साहेब."

परतीच्या गाडीत उलगडा झाला. मुख्याध्यापक म्हणून ह्यांनी पत्र लिहून केंद्राच्या फाईलीत घातलं. केंद्रप्रमुखानं शाळेला भेट द्यायची, शेरा मारायचा, मग पत्र तालुक्याला. बाकी सगळ्या शाळांना भेटी झाल्या, स्वतःच्याच शाळेची राहिली. "रोज तिथंच असतो की मी," एवढंच म्हणाले. मी अहमदपूरपर्यंत हसले. पुढं ह्यांचा चेहरा बघून हसू येईना.

दुसऱ्या दिवशी मीही शाळेत गेले. हे फाटकाबाहेर गेले, चष्मा पुसला आणि केंद्रप्रमुख होऊन आत आले. पोरं उठून "नमस्ते साहेब" म्हणाली. हे खुर्चीत बसून शेरेबुक उघडतात तोच चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "साहेब, आमाला शिकवायला कोण येणार?"

पोरं हसली. हे हसले नाहीत. पत्र त्याच दुपारी तालुक्याला पोचवलं.

शिक्षक अजून यायचा आहे. एवढ्या प्रवासाचा माझ्याकडे फोटो एकच, तोही दुसऱ्या दिवशी शाळेतच काढलेला, शेरेबुकाच्या पानाचा. ह्यांच्या वळणदार अक्षरात, खाली ह्यांचीच सही: "भेटीच्या वेळी एकाही वर्गावर शिक्षक नव्हता."