दारातून परत फिरलेला कंडक्टर

कंडक्टरसारखा चेंगट खेळाडू मी जन्मात पाहिला नाही. गाडीत मात्र हाच माणूस वाघ. देवरीच्या स्टँडवर चिचगडची गाडी लागली की, "सरका मांगं! इथं काय दंडारीचं नाटक लागलं का पाहाले?" असं ओरडत तो माणसं कोंबायचा, आणि सुट्ट्यांवरून भांडणाऱ्याला अर्ध्या वाक्यात गप्प करायचा. पण तीच खाकी घालून तो माझ्या दुकानात आला, तिकिटाची पेटी काउंटरवर ठेवून खुर्चीत बसला, की त्याच्या अंगातली घाई कुठे जायची देव जाणे. पडद्यावरचा तलवारवाला गडी तो असा चालवायचा, जणू त्याला जेवणानंतर पाय मोकळे करायला काढलंय.

स्टँडसमोर माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मी भंगाराच्या गाड्यापासून वर आलेला माणूस. जुने टीव्ही, जुनी मशिनं, तुटके रिमोट, सगळं घासाघीस करून आणायचो आणि दुरुस्त करून चालवायचो. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला मी एकदा भावात इतका पिळला, की शेवटी त्याने एक सीडी माझ्या पिशवीत फेकली. "ये भी ले जा, लेकिन मेरा सिर मत खा." ती सीडी म्हणजे हा जपानी खेळ. घरी आणून लावली तेव्हा कळलं की व्यापाऱ्याने ती फुकट का दिली. सगळं जपानीत. शिवाय खेळात कोणी काही सांगत नाही. एका गावाबाहेर गडी उभा राहतो, आणि समोर सगळा मुलूख मोकळा. डोंगरात जा, नदीकाठी जा, कुठेही जा. चुकीच्या ठिकाणी गेलात की कोणीतरी येतो, दोन घावांत लोळवतो, आणि गडी शेवटी ज्या खाटेवर झोपला होता तिथे परत. मधलं सगळं कमावलेलं पाण्यात.

आमच्याकडे खेळ साठवायचं मेमरी कार्ड एकच. त्यामुळे या खेळातला गडीही सगळ्या दुकानाचा मिळून एकच. ज्याचा तास संपला तो खाटेवर झोपवून उठायचा, पुढचा तिथूनच उठवून चालवायचा. कॉलेजची पोरं, आयटीआयवाले, वनखात्याचा एक बाबू, मी स्वतः, सगळे त्या एका गड्याला पोसत होतो. कोणी तलवार आणली, कोणी चिलखत आणलं. साझ्याची शेती असते तशी ती साझ्याची कमाई. आणि या साझ्यात कंडक्टर म्हणजे पेरणीच्या दिवशी बांधावर बसून विडी ओढणारा वाटेकरी.

त्याच्या तासात गडी काही कमवायचाच नाही. झाडाखाली उभा करून ठेवायचा. एखादी पायवाट कुठे जाते ते पाहायला जायचा, आणि ती कुठेच जात नाही हे कळल्यावर खूश होऊन परत यायचा. मी म्हणायचो, "कंडक्टरभाऊ, काऊन वेळ घालवून राहिले? त्या खिंडीतला पहारेकरी मारा ना."

"दिवसभर मी एकाच रोडनं जाऊन राहिलो बाबू. देवरी, चिचगड. चिचगड, देवरी. इथं बी तू मले थांबे सांगतो?"

खेळातल्या दुकानदाराला तो पहिल्याच भावाने पैसे द्यायचा. हे पाहून मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. त्या दुकानातून वस्तू न घेता बाहेर पडलं, की दुकानदार हाक मारून भाव उतरवतो, हे मी शोधून काढलं होतं. जपानी अक्षर येत नसतानाही शोधून काढलं होतं, कारण दुकानदाराची जात सगळीकडे सारखी. कंडक्टरला मी ते दाखवलंसुद्धा. तो म्हणाला, "त्याचे बी लेकरंबाळं असतील ना." चित्रातल्या माणसाची लेकरंबाळं! अशा माणसाशी काय बोलणार?

पण खरं डोकं उठवलं ते बुढीने. नदीकाठच्या एका गावात गाठोडं घेतलेली एक म्हातारी बसलेली असायची. तिच्याशी बोललं की ती गड्यामागे चालायला लागायची. चालणं मुंगीचं. आपण पळालो की ती खाली बसायची, आणि तिला मार लागला की आपलाच गडी अर्धमेला व्हायचा. ती काही देत नव्हती, लढत नव्हती, तिचा उपयोग शून्य. आम्ही सगळ्यांनी तिला टाळायचं ठरवलं होतं. कंडक्टरने पहिल्याच आठवड्यात तिला बरोबर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गड्याला उलटा नदीकाठी नेऊन तिला तिच्या ओट्यावर बसवून आलो. संध्याकाळी कंडक्टर पुन्हा तिला घेऊन डोंगरात.

"बुढीले कोनं उतरवलं?" त्याने दुकानात सगळ्यांसमोर विचारलं.

"मी."

"तिचं तिकीट काढलं होतं ना मी."

पोरं हसली. मी नाही हसलो. हे असं महिनोन्महिने चाललं. मी उतरवायचो, तो चढवायचा.

तरीही मला हे लिहावं लागतं, आणि लिहिताना दात खावे लागतात, की त्या मुलखात सगळ्यात लांब गेला तो कंडक्टरच. आम्ही तलवारी परजत खिंडीत मरत होतो. हा बुढीला घेऊन कडेकडेने, थांबत, बसत, चढत एके दिवशी वरच्या पायऱ्यांपाशी पोहोचला. त्या पायऱ्यांच्या टोकाला एक काळं दार होतं. दार पाहिल्याबरोबर कोणीही ओळखलं असतं की शेवटचा राक्षस यामागे आहे. कंडक्टरने दार पाहिलं, पायऱ्यांखालच्या झोपडीत गड्याला झोपवलं, आणि पेटी उचलून गाडीकडे निघाला. "अरे आत जा ना!" मी ओरडलो. "जाऊ, जाऊ. पळून चाललं का ते?"

आता दार का महत्त्वाचं होतं ते सांगतो. गोंदियात माझ्यासारखंच पण माझ्याहून मोठं दुकान चालवणारा एक होता. एसी लावलेलं दुकान, काचेचं दार. मी त्याच्याकडे माल घ्यायला गेलो की तो आपल्या गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "ये देवरी वाले आए हैं. इनके यहाँ भालू गेम खेलता है." माझ्याकडे हा जपानी खेळ आहे हे कळल्यावर त्यानेही कुठून तरी मिळवला, आणि त्याच्या पोरांचं खिंडीत डोकं फुटायला लागल्यावर त्याने सांगून टाकलं, की हा खेळ संपतच नाही, सीडी खराब आहे. मी म्हटलं, संपतो. तो म्हणाला, "दिखा के बता." मी म्हटलं, मंडईच्या दिवशी ये.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात. त्या दिवशी सगळा तालुका रस्त्यावर असतो. मी दुकानाच्या ओट्यावर सगळ्यात मोठा टीव्ही काढला, इन्व्हर्टर जोडला, चुन्याने रेघ मारून लोकांना मागे बसवलं. गोंदियावाला दुपारच्या आधीच आला, पांढरा शर्ट, काळा चष्मा. मी त्याला खुर्ची दिली, चिवडा दिला, चहा दिला. त्या माणसाच्या तोंडून सगळ्यांसमोर "हो गया" हे दोन शब्द मला ऐकायचे होते. भंगाराचा गाडा ओढताना ज्यांनी ज्यांनी मला 'ए कबाडी' म्हटलं होतं, त्या सगळ्यांच्या वतीने त्याने ते म्हणायचे होते.

रिमोट कंडक्टरच्या हातात दिला, कारण पायऱ्यांवरून जिवंत जायची कला त्यालाच जमायची. त्याने गाडीच्या दोन फेऱ्यांमधला वेळ मला दिला होता. खाकीचं वरचं बटण उघडं, कपाळावर घाम. गडी उठला, बुढी उठली. बुढीला पाहून मी त्याच्या कानात म्हटलं, "आज तरी तिला सोडा."

"राहू दे. लोकं पाहून राहिले, तिले बी मंडई पाहू दे."

पायऱ्या चढताना दोनदा वाटलं, गेला. तो नाही गेला. पहारेकऱ्यांना चुकवत, बुढीसाठी थांबत तो वर पोहोचला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दार उघडलं. गडी उंबऱ्यावर उभा. आणि बुढी खालच्या पायरीवर गाठोडं ठेवून बसली. पडद्यावर दोन शब्द आले. जपानी वाचता येत नव्हतं, पण इतक्या दिवसांत एवढं कळत होतं की वरचा शब्द 'हो' आणि खालचा 'नाही'.

कंडक्टरने बुढीकडे पाहिलं. गड्याला मागे आणलं. ती उठली. पुन्हा दारात नेलं, ती पुन्हा बसली. असं तीनदा केलं.

"हे तं चढत नाही," तो म्हणाला.

"तिला आत घेतच नाही मशीन! एकट्यानेच जावं लागतं. वरचं दाबा, वरचं!"

"सवारी खाली हाय ना बे."

"कंडक्टरभाऊ, ती चित्र आहे!"

"मंग तुहा राक्षस कोनाचा जावई हाय? तो बी चित्रच."

आणि त्याने खालचा शब्द दाबला. सगळ्या मंडईसमोर, गोंदियावाल्यासमोर, गड्याने पाठ फिरवली आणि बुढीच्या चालीने पायऱ्या उतरायला लागला. आधी कोणाला काही कळलं नाही. मग गोंदियावाल्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "शेठ, तुम्हारा हीरो तो घर जा रहा है." त्यावर जो हशा उठला, तो मला आजही जेवताना ऐकू येतो.

कंडक्टरने शांतपणे गड्याला झोपडीत झोपवलं. मी त्याच्या हातातून रिमोट हिसकावला आणि रागारागात गड्याला पुन्हा वर पळवलं. तिसऱ्या पायरीवर पहारेकऱ्याने मला आडवा केला. लोक आणखी हसले. गोंदियावाला माझा उरलेला चिवडा खिशात घालून उठला. त्याला गोंदियाची गाडी धरायची होती, पण चिचगडच्या गाडीपाशी उभ्या कंडक्टरशी तो आधी बराच वेळ हसून बोलला, आणि या गृहस्थाने त्याला स्वतःच्या हाताने गोंदियाच्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या तोंडाला काळं फासणाऱ्याला खिडकीची जागा!

दुसऱ्या दिवशी तो काहीच न घडल्यासारखा आला. पेटी काउंटरवर ठेवायला लागला. मी पेटीवर हात ठेवला.

"इथं तुमची सीट नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तो फक्त म्हणाला, "तुह्या मनाले लयच लागलं वाटते, शेट," आणि पेटी बगलेत मारून समोरच्या पानठेल्यावर जाऊन बसला. पुढे कितीतरी दिवस तो तिथेच बसायचा. पानठेल्यावरून माझा टीव्ही दिसायचा. कोणी गड्याला पायऱ्यांवर मारलं की तिकडून आवाज यायचा, "डावीकडून ना बाबू, डावीकडून!" मी टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग त्याची बदली झाली, आणि तो सांगायला आला नाही. मीही विचारायला गेलो नाही.

पुढे लोकांच्या हातात मोबाइल आले आणि माझ्यासारख्यांची दुकानं बसली. मी वेळीच ओळखून मशिनं विकली, नळ-पायपाचं दुकान टाकलं, चांगलं चाललं. एक मशीन तेवढं नव्या दुकानात ठेवून घेतलं. रविवारी दुपारी शटर पाडून मी तो खेळ लावायचो. पायऱ्यांवर मी इतका मेलो, की पहारेकरी मला घरच्यासारखे ओळखत असतील. शेवटी घाई सोडली, कडेकडेने चढायला शिकलो. कोणाचं पाहून शिकलो हे सांगायची गरज नाही. एका रविवारी दारात पोहोचलो. बुढी मागे होतीच. तिला नदीकाठी सोडायला जाण्यात वेळ गेला असता. मी वरचा शब्द दाबला, आत गेलो, राक्षस मारला. खेळ संपला. जपानी नावांची लांबलचक यादी पडद्यावरून सरकत राहिली.

लगेच गोंदियावाल्याला फोन लावला. त्याने दुकान कधीच बंद करून लग्नाचे मंडप टाकायला सुरुवात केली होती. "कौन सा गेम?" तो म्हणाला. मी आठवण करून दिली, सगळी करून दिली. "अरे शेठ, शादी का सीजन है," म्हणून त्याने फोन ठेवला.

कंडक्टर निवृत्त होऊन दरेकशाला आपल्या घरी राहतो एवढं माहीत होतं. नंबर शोधायला पुष्कळ खटपट करावी लागली. इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "बोल शेट." जणू काल भेटलो होतो.

"खेळ संपवला," मी म्हटलं.

"वा. अन् बुढी?"

"बाहेर बसली. ती येत नाही आत."

"दार लागताना तिनं पाहिलं का तुह्याकडं?"

"मी नाही पाहिलं. समोर राक्षस होता."

 मागून रेल्वे गेल्याचा आवाज आला. "बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो गेला. मी मातीला गेलो होतो. त्याच्या घरच्यांना मी कोण ते माहीत नव्हतं, 'देवरीचे व्यापारी' म्हणून त्यांनी मला पाणी दिलं. माझा राग अजून तसाच आहे. एवढ्या वर्षांनी माणूस फोन करतो, खेळ संपवला म्हणून सांगतो, तर निदान विचारायचं तरी, राक्षस कसा होता, कुठून आला, तू कसा मारलास. तो राक्षस आधी छताला उलटा लटकलेला असतो. त्याची सावली आधी दिसते, आणि ती डावीकडे सरकली की उजवीकडे पळायचं. हे मला सांगायचं होतं. आता हे कोणाला सांगू? त्या पायऱ्या चढलेलं दुसरं कोणी उरलंच नाही.